माशाची नदी केवढी?

खूण केलेला मासा पुन्हा सापडला नाही म्हणजे तो मेला, असं ओढ्यातल्या ट्राउटबद्दल विज्ञानानं जवळजवळ पस्तीस वर्षं धरून चालवलं. त्या एका गृहीतकामुळे मासा लहानशा जागेत राहतो, तेवढी जागा सांभाळली की मासा सांभाळला, असा समज पक्का झाला. तो समज अभ्यासकांनी १९९४ मध्ये मोडून काढला. नद्यांवर काही ना काही बांधणाऱ्यांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही, आणि म्हणून हा लेख.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ओढ्या-नद्यांतले मासे हा माझा आयुष्यभराचा विषय. ट्राउट आपल्या सह्याद्रीत नाही; त्याला बारमाही थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. मग मराठी वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल कशाला लिहायचं? कारण ओढ्यातल्या माशांपैकी ट्राउटइतका बारकाईनं पाठलाग माणसानं फार थोड्यांचा केला आहे. युरोप-अमेरिकेत तो गळाच्या शौकिनांचा लाडका, त्यामुळे त्याच्या अभ्यासाला पैसा मिळाला, माणसं मिळाली, वेळ मिळाला. त्यातून जे हाती आलं ते आपल्या बंधाऱ्यांना, मोऱ्यांना आणि कोंडींना थेट लागू पडतं.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात गॉर्ज क्रीक नावाचा ओढा आहे. तिथल्या कटथ्रोट ट्राउटवर रिचर्ड मिलर यांनी १९५७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की हा मासा वीसेक यार्डांत, म्हणजे साधारण अठरा मीटरांत, जवळजवळ सगळं आयुष्य काढतो. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, अमेरिकेतल्या शेल्बी गर्किंग यांनी तोवरचे असे अभ्यास एकत्र करून मोठा लेख लिहिला. ओढ्यातला मासा आपली जागा सोडत नाही, हे मत तिथून पाठ्यपुस्तकांत गेलं.

अभ्यासाची रीत अशी असे. ओढ्याचा एक तुकडा ठरवायचा. त्यातले मासे पकडायचे, पराचं टोक छाटून किंवा बिल्ला लावून त्यांना खूण करायची आणि तिथंच सोडायचं. काही महिन्यांनी परत यायचं आणि त्याच तुकड्यात शोधायचं. खूण केलेले काही मासे सापडत, आणि ते अर्थातच तिथंच सापडत, कारण दुसरीकडे कुणी शोधतच नसे. उरलेले, आणि पुष्कळदा तेच जास्त असत, मेले असं धरलं जाई. कोकणातल्या एखाद्या वाडीत श्रावणात जाऊन घरात असलेली माणसं मोजावीत आणि मुंबईला नोकरीवर असलेल्या सगळ्यांची नावं मृतांत घालावीत, तसा हा प्रकार. गणपतीत जाऊन पाहिलं असतं तर हिशेब वेगळा आला असता.

हा दोष उघड झाला तो उत्तर कोलोरॅडोतल्या एका प्रयोगात, आणि तो प्रयोग मुळात माशांच्या हालचालींचा नव्हताच. कर्ट फॉश आणि त्यांचे सहकारी सहा डोंगरी ओढ्यांत आडवे ओंडके टाकून खोल डोह तयार करत होते. डोह झाले तर ट्राउटची संख्या वाढते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. ट्राउट वाढले. आता जुन्या मताप्रमाणे मासा हलत नसेल, तर ही वाढ डोहांमुळे जास्त मासे जगल्यानं किंवा जास्त पिल्लं तगल्यानं झालेली असायला हवी. पण खुणा तपासल्यावर दिसलं की तसं काही झालं नव्हतं. जगण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं, वाढीचा वेगही नव्हता. डोहातले नवे मासे बाहेरून आले होते, ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगानं.

मग त्यांनी ओढ्यांत जाळीची कुंपणं घातली, चढणारा मासा एका सापळ्यात आणि उतरणारा दुसऱ्यात पडेल अशी. सापळ्यांत मासे येत राहिले. हे हिंडणारे ब्रूक ट्राउट लांबीला मोठे पण अंगानं रोड असत. ज्याला मनासारखी जागा मिळालेली नाही तो ती शोधत फिरतो, असा त्याचा सरळ अर्थ मला वाटतो. १९९४ मध्ये गोवन, यंग, फॉश आणि रायली या चौघांनी सगळे जुने अभ्यास पुन्हा तपासून लिहिलं, की मासा हलत नाही हे मत शोधण्याच्या रीतीतून जन्मलेलं आहे. ज्या रीतीनं हललेला मासा सापडूच शकत नाही, त्या रीतीनं मासा हलत नाही हे सिद्ध होत नाही. विज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे वाक्य मी पहिल्या वर्षी शिकवीन.

रेडिओची साधनं आली तशी उरलीसुरली शंकाही मिटली. मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीच्या दक्षिण फाट्यात मोठ्या ब्राउन ट्राउटच्या पोटात छोटे ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. १९९० मध्ये तो अभ्यास छापून आला. हे मासे दिवसा ठरावीक ओंडक्याखाली पडून राहत आणि रात्री शिकारीला बाहेर पडत. उन्हाळ्याची त्यांची जागा वेगळी, हिवाळ्याची वेगळी. कुणाचा वावर काहीशे मीटरांत मावत होता, तर एकाचा पल्ला तीस किलोमीटरांहून जास्त निघाला. हे सगळे एकाच नदीतले, एकाच जातीचे मासे. आता तर बारा मिलिमीटरची निष्क्रिय चिप पोटात बसवली की मासा नदीतल्या अँटेनावरून गेल्याची नोंद वर्षानुवर्षं आपोआप होत राहते.

याचा अर्थ प्रत्येक ट्राउट भटक्या असतो असा नाही, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रूस क्रीकमध्ये रॉबर्ट बॅकमन यांनी ओढ्याकाठी उंचावर बसून ब्राउन ट्राउट पाहिले. अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून ते एकेक मासा ओळखत. १९८४ च्या त्यांच्या अभ्यासात जंगली ट्राउट काही चौरस मीटरांत, ठरावीक दगडांच्या आडोशाला, वर्षानुवर्षं राहताना दिसले. तिथं प्रवाहाशी झुंजावं लागत नाही आणि वाहत येणारा किडा मात्र तोंडासमोरून जातो. हॅचरीतून आणून सोडलेल्या माशांना असा आडोसा धरता येत नव्हता, त्यांची ताकद फुकट जात होती. २००२ मध्ये मार्को रॉड्रिगेझ यांनी दोन्ही बाजूंचा मेळ घातला. बहुतेक मासे बहुतेक काळ थोडंच हलतात आणि काही मासे खूप लांब जातात. जुनं मत पूर्ण खोटं नव्हतं, ते अर्धं होतं. पण ओढ्याचं भवितव्य ठरतं ते उरलेल्या अर्ध्यावर. पुरानं धुऊन गेलेला, दुष्काळानं आटलेला ओढ्याचा भाग पुन्हा मासळीनं भरतो तो या लांब जाणाऱ्या थोड्यांमुळे.

आपल्या देशात हे पाहायचं असेल तर हिमाचलातल्या तीर्थनच्या खोऱ्यात जावं. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून ही नदी उतरते. २०१४ पासून हे उद्यान जागतिक वारसा यादीत आहे. ब्राउन ट्राउट इथला मूळचा नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली आणि १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं काश्मीरहून तो मासा कुल्लूत आणला. तिथून तो बियासच्या उपनद्यांत पसरला.

मी पहिल्यांदा गेले ती दिवाळी उलटल्यावर. गुशैणीला पलाचन आणि तीर्थन एकत्र येतात, तिथं वरच्या अंगाला एका बाजूच्या नाल्यात मला ट्राउटची मादी दिसली. पाणी पोटरीएवढं. ती कुशीवर वळून शेपटीनं तळ झोडपत होती. दर फटक्याला रेती उडून प्रवाहाबरोबर खाली जात होती आणि सुपारी-लिंबाएवढे गोटे मागं उरत होते. थोड्या अंतरावर नर उभा, दुसरा नर जवळ आला की त्याच्या अंगावर जाणारा. खड्डा झाला की मादी त्यात अंडी सोडते, नर त्यावर वीर्य सोडतो, आणि मादी लगेच थोडं वर सरकून पुन्हा तळ झोडपते, त्यामुळे उडालेले गोटे अंड्यांवर बसतात. पुढं थंडीचे दोन-तीन महिने ती अंडी गोट्यांच्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यावर जगतात. गाळ साचला तर गुदमरतात. पाणी उतरलं तर गोठतात.

मी ज्यांच्या घरी उतरले होते ते आजोबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मॅडमजी, ही इथली नाही. उन्हाळ्यात ही खाली मोठ्या डोहात असते. बर्फ पडायच्या आधी नाल्यात चढते, काम झालं की परत जाते. आम्ही लहानपणापासून बघतो." गर्किंगचा लेख त्यांनी वाचला नव्हता आणि त्याची त्यांना गरजही नव्हती.

त्या एका मादीच्या वर्षाचा हिशेब मांडून बघा. विणीला तिला उथळ नाला लागतो, मुठीत मावतील असे गोटे आणि त्यांतून वाहणारं पाणी. फटींतून वर आलेल्या पिल्लांना काठाजवळचं संथ पाणी लागतं. मुख्य धारेत ती वाहून जातील. उन्हाळ्यात तिला स्वतःला खोल डोह किंवा झऱ्याचं गार पाणी मिसळतं ती जागा लागते. कडाक्याच्या थंडीत तळाशी बर्फ धरू लागला की आणखी वेगळा आसरा. यातली एक जागा गेली किंवा दोन जागांमधली वाट बंद झाली, तर उरलेल्या जागा कितीही सुंदर असल्या तरी पुढची पिढी येत नाही. ही नासाडी लगेच दिसतही नाही. मोठे मासे काही वर्षं दिसत राहतात, गळाला लागत राहतात, अधिकारी पाहणी करून मासे आहेत असं लिहून जातात. नसतात ती पिल्लं, आणि पिल्लं कुणी मोजत नाही.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. हा शहाणा नियम आहे. पण माशाच्या वेळेला कायद्यानं मान दिला, वाटेला दिला नाही. २५ मेगावॉटपेक्षा लहान जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीची अट नाही. असा प्रकल्प नाल्यावर बांध घालून पाणी बोगद्यात किंवा कालव्यात वळवतो आणि काही किलोमीटर खाली यंत्रावर पाडून पुन्हा नदीत सोडतो. मधला पात्राचा भाग कोरडा पडू नये म्हणून राज्याच्या धोरणात किमान १५ टक्के पाणी सोडण्याची अट आहे. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१७ मध्ये सगळ्या नद्यांसाठी कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राखायला सांगितलं. टक्केवारी मोजायला सोपी असते. मात्र त्या १५ टक्क्यांत नोव्हेंबरच्या महिन्यात गोट्यांवर किती बोटं पाणी उरतं आणि बांधाची भिंत मासा कशी चढणार, हे टक्केवारी सांगत नाही. आणि एका नाल्यावरचा प्रकल्प लहान म्हणून सुटला, त्याच्या वरचा लहान म्हणून सुटला, शेजारचाही सुटला, की मोठ्या धरणानं झालं असतं तेवढंच नुकसान परवानगीशिवाय होऊन जातं.

तीर्थनच्या लोकांनी हे वेळेवर ओळखलं. माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी यांनी लढा दिला, नियोजित जलविद्युत प्रकल्प रद्द झाले आणि खोरं मोकळं राहिलं. त्या लढ्यात ट्राउटचा आणि ट्राउटसाठी येणाऱ्या पाहुण्यांचा मोठा आधार होता. तरीही तीर्थन बियासला मिळते त्या लारजीत आज १२६ मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण आहे, आणि त्याच्या खाली १९७७ चं पंडोह. वरची नदी अखंड आहे, खालचं दार मात्र बंद आहे.

इथं मला एक आक्षेप नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो रास्त आहे. ब्राउन ट्राउट परका. तो हिमालयातल्या मूळच्या असेला माशाची पिल्लं खातो, त्याच्या जागा बळकावतो. मग त्याच्यासाठी नदी मोकळी का ठेवायची? माझं उत्तर असं, की नदी मोकळी ठेवायची ती मुख्यतः असेलासाठी. असेलाही बर्फ वितळू लागलं की वर चढतो, बाजूच्या स्वच्छ नाल्यांत अंडी घालतो आणि थंडीत खाली उतरतो. त्याचा प्रवास ट्राउटपेक्षा कमी नाही, पण त्याच्या बाजूनं बोलायला गळ घेतलेला पर्यटक येत नाही. ट्राउटच्या नावानं जी वाट वाचते ती असेलाच्याही कामी येते. ट्राउटची नवी पिल्लं असेलाच्या नाल्यांत सोडणं मात्र थांबलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अमेरिकेत मूळच्या कटथ्रोट ट्राउटला बाहेरून आलेल्या ब्रूक ट्राउटपासून वाचवण्यासाठी मुद्दाम अडथळे बांधतात. खालचा आक्रमक मासा वर येऊ नये म्हणून धबधब्यासारखी भिंत. म्हणजे कधी कधी भिंतच मासा वाचवते? होय, वाचवते. पण तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत लांबीत मोजतात. हिल्डरब्रँड आणि कर्शनर यांनी २००० मध्ये हिशेब मांडला की अडीच हजार माशांची टिकाऊ वस्ती राखायची, तर दाट मासळीच्या ओढ्यातही आठ किलोमीटरांच्या वर सलग लांबी हवी. मासळी विरळ असेल तर पंचवीस किलोमीटर किंवा त्याहून जास्त. त्यापेक्षा लहान तुकड्यात अडकलेली वस्ती एका वणव्यात, एका पुरात जाते आणि तिची जागा भरायला खालून कुणी येऊ शकत नाही. भिंतीवरून खाली पडलेला प्रत्येक मासाही वरच्या वस्तीला कायमचा मुकतो.

जपानमधल्या होक्काइदो बेटावर हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. ट्राउटचाच नातलग असलेला ‘चार’ नावाचा मासा, आणि लहान लहान बांधांच्या वर कोंडले गेलेले ओढे. मोरिता आणि यामामोतो यांनी २००२ मध्ये अशा ५२ ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध केली. १७ ठिकाणी मासा उरला नव्हता. ओढा जितका लहान आणि बांध जितका जुना, तितकी मासा नाहीसा झालेला असण्याची शक्यता जास्त. हे आकडे मी गावोगावच्या व्याख्यानांत सांगते तेव्हा लोक शांत होतात, कारण बांध जुना होतो म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं.

आणि वाट पुन्हा मोकळी करता येते हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या माँटाना राज्यात मिझूला शहराजवळ ब्लॅकफूट आणि क्लार्क फोर्क या नद्यांच्या संगमावर १९०८ मध्ये मिलटाउन धरण बांधलं गेलं. त्याच वर्षीच्या महापुरानं वरच्या तांब्याच्या खाणींचा विषारी गाळ आणून जलाशयात भरला. धरणाच्या पायथ्याशी दर वसंतात ट्राउट गोळा होत, वर जाण्याची वाट शोधत. बुल ट्राउट आणि वेस्टस्लोप कटथ्रोट या दोन मूळच्या जातींचे मासे तिथल्या शास्त्रज्ञांनी पकडले, त्यांना ट्रान्समीटर बसवले आणि गाडीतून नेऊन धरणाच्या वर सोडले. ते मासे ब्लॅकफूटमधून आणि वरच्या क्लार्क फोर्कमधून दूरदूरच्या विणीच्या ओढ्यांकडे निघाले. नव्वद-पंच्याण्णव वर्षं बंद असलेल्या वाटेच्या पलीकडं काय आहे, हे त्या माशांच्या देहात शाबूत होतं. मार्च २००८ मध्ये ते धरण फोडलं गेलं आणि नदी वाहती झाली. विषारी गाळामुळं ते करावंच लागणार होतं, हे खरं. पण माशांच्या त्या प्रवासाच्या नोंदींनी धरण काढण्याची बाजू भक्कम केली यात मला शंका नाही.

आता आपल्याकडं या. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडतो, ओहोळ तांबडे होऊन वाहू लागतात, आणि त्याच रात्री मासे चढणीला लागतात. आमच्याकडं चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडकडं वलगणीचे. नदीच्या डोहांत उन्हाळा काढलेले मासे पोटात गाबोळी घेऊन ओढ्यांत, पऱ्ह्यांत, थेट भातखाचरांत चढतात, तिथं अंडी घालतात आणि पाणी उतरायच्या आत परत फिरतात. तीर्थनच्या त्या मादीचा नोव्हेंबर आणि आपल्या शिवडा माशाचा जून, दोघांची गरज एकच. आपल्या माशाला मात्र त्या मादीहून कमी वेळ मिळतो. पावसाचे मोजके दिवस, आणि त्या दिवसांत वाट उघडी हवी.

ती वाट आपण तिन्ही बाजूंनी बंद करत आणली आहे. पहिली गोष्ट बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचना खरं तर माशाला सोयीची आहे. पावसाळ्यात बरगे, म्हणजे दारांतल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की दारं मोकळी. पण बरगे काढायला उशीर झाला, पहिला लोंढा बरग्यांवरून गेला, तर चढणीचा सगळ्यात महत्त्वाचा मासा खालीच राहतो. त्या चार दिवसांची भरपाई जुलैत होत नाही. पक्क्या सिमेंट नाला बांधाला तर दारच नसतं. पाणी अडवण्याला माझा विरोध नाही. मी टँकरची वाट पाहणारी गावं पाहिली आहेत. पण एका नाल्यावर एकामागून एक बांध घालताना दगडांचा खडबडीत उतार एका कडेला ठेवायला किती खर्च येतो? भिंतीच्या खर्चापुढं तो नगण्य आहे.

दुसरी गोष्ट रस्त्यांच्या मोऱ्यांची, आणि ती सगळ्यात दुर्लक्षित आहे. ओढ्यावर सिमेंटचे नळे टाकून रस्ता नेतात. दोन-चार पावसांत नळ्याच्या खालच्या तोंडाशी जमीन धुपते आणि नळा हवेत लटकतो, ढोपराएवढ्या उंचीवर. माणसाला तो अडथळा वाटतही नाही. बोटाएवढ्या माशाला ती भिंत असते. नळ्याचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली पुरला, म्हणजे त्यात गोटे-रेती बसून ओढाच आतून वाहील, की प्रश्न मिटतो. अमेरिकेत ट्राउटच्या ओढ्यांवर अशा मोऱ्या शोधून बदलण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे.

तिसरी बाजू आपल्या ताटाची. समुद्रात पावसाळी मासेमारीबंदी आपण पाळतो, कारण मासा विणीचा असतो. त्याच दिवसांत चढणीच्या वाटेवर पऱ्ह्याचं तोंड पूर्ण अडवून सापळे लावले जातात आणि गाबोळीनं भरलेला मासा टोपल्यांनी निघतो. पिढ्यान् पिढ्या लोक चढणीचे मासे खात आले हे मला ठाऊक आहे, मीही खाल्ले आहेत. पण तेव्हा वर जायला वाटा पुष्कळ होत्या. आता उरलेल्या एका वाटेवर आपण उभे राहतो.

मासा राखणारेही आपल्याकडं आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. देवीच्या श्रद्धेनं लोक तिथल्या महासीरला हात लावत नाहीत, म्हणून ते मोठे मासे आजही तिथं दिसतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास करून पिल्लं देशभर दिली. दोन्ही कामांबद्दल मला आदर आहे. पण कोंड म्हणजे महासीरचा उन्हाळा फक्त. त्याचा पावसाळा वरच्या ओढ्यांत असतो. कोंडीचं रक्षण करून वरची वाट बंद केली, तर आपण म्हाताऱ्या माशांची राखण करत राहू. आणि चढायला वाट नसलेल्या नदीत दरवर्षी पिल्लं सोडणं म्हणजे दरवर्षी नव्यानं सुरुवात करणं.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. राज्य सरकारनं कुठल्याही बांधाला किंवा मोरीला मंजुरी देताना त्या एका जागेची नाही, उगमापासून मुख्य नदीपर्यंतच्या पूर्ण ओढ्याची पाहणी करावी, आणि ती पाहणी पहिल्या पावसात करावी, मार्चमध्ये कोरड्या पात्रात उभं राहून नाही. बरगे काढण्याची तारीख चढणीच्या आधीची ठरवावी आणि ती पाळली नाही तर जबाबदारी निश्चित करावी. चढणीच्या पहिल्या आठवड्यात पऱ्ह्याचं पूर्ण तोंड अडवणारे सापळे बंद करावेत. गळानं चार मासे धरणाऱ्याला त्रास देऊ नये.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या ओढ्यावर किती बांध आणि किती लटकत्या मोऱ्या आहेत, हे मे महिन्यात एकदा चालत जाऊन पाहा, शाळेतल्या मुलांना बरोबर न्या, प्रत्येकीची उंची टेपनं मोजा आणि ती यादी पावसाआधीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. ठरावात तिची नोंद करून घ्या.